पेठ, पार आणि पायीं चालणारा

जालना जिल्ह्याच्या दक्षिणेस, गोदावरीच्या उत्तर तीरावर, घनसावंगीचा तालुका पसरलेला आहे. त्याच तालुक्यांत जांब हें गांव आहे. शके १५३० मध्यें, म्हणजे इ. स. १६०८ सालीं, रामनवमीच्या दिवशीं तेथल्या ठोसरांच्या घरीं नारायण नांवाचा मुलगा जन्मास आला. आणि बाराव्या वर्षीं लग्नमंडपांतून उठून तो घराबाहेर पडला, ही परंपरेनें चालत आलेली कथा तुम्हां-आम्हां सर्वांच्या परिचयाची आहे. जांबेहून तो नाशिकास गेला, टाकळीस बारा वर्षें राहिला, आणि पुढें बारा वर्षें भरतखंडांतील तीर्थें त्यानें पायीं हिंडून पाहिलीं. समर्थ रामदासांनीं काय लिहिलें, काय उपदेशिलें, याचा विचार पुष्कळांनीं केला आहे; परंतु ज्या रस्त्यांवरून ते चालले, ज्या पेठांतून त्यांनीं भिक्षा मागितली, ज्या पारांवर ते टेकले, त्या रस्त्यांचा, पेठांचा आणि पारांचा इतिहास आपण फारसा सांगत नाहीं. आज तोच थोडासा सांगण्याचें मीं योजिलें आहे.

हा विषय निवडण्यास कारण आहे. मराठवाड्यांतील कोणत्याही तालुक्याच्या गांवीं बाजाराच्या दिवशीं मुख्य रस्त्यावर क्षणभर उभें राहून पाहावें. एका हातीं पिशवी, दुसऱ्या हातीं लेंकराचें बोट, अशी एकादी बाई मोटार, मोटारसायकल, उसाचा ट्रॅक्टर आणि काळी-पिवळी जीप यांच्यामधून वाट काढीत असते. दुकानापुढें वाहनें उभीं, वाहनांपुढें हातगाड्या, हातगाड्यांपुढें पुन्हां वाहनें. मग पाय ठेवण्यास जागा उरते ती गटाराच्या कांठावर. ज्या माणसासाठीं बाजार भरतो, त्यालाच बाजारांत उभें राहतां येऊं नये, ही स्थिति चमत्कारिक खरी. पण ती कांहीं अनादि कालापासूनची नाहीं. ती कशी आली हें कळल्यावांचून ती कशी जाईल हेंहि कळणार नाहीं.

पायीं चालणाऱ्यास स्वतःची वाट असावी, ही कल्पना विलायतेहून आली असा एक समज आहे. तो खरा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दुर्गनिवेशाचें प्रकरण आहे. नगरास पूर्व-पश्चिम तीन आणि दक्षिणोत्तर तीन राजमार्ग असावेत, असें तेथें सांगितलें आहे. आणि त्यापुढें रथाची वाट, हत्तीची वाट, गुरांची वाट, अशा एकेका वाटेची रुंदी मोजून दिली आहे. त्याच मालिकेच्या अखेरीस लहान जनावरें आणि माणसें यांच्यासाठीं दोन अरत्नींची, म्हणजे सुमारें तीन फुटांची, निराळी वाट नेमलेली आहे. एवढेंच नव्हे, तर दुसऱ्या एका प्रकरणांत ही वाट अडविणारास बारा पणांचा दंड सांगितला आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वींच्या राजनीतिशास्त्रज्ञाला पायवाट अडविणें हा अपराध वाटत होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्याच सुमारास पश्चिमेकडे रोम शहरांत माणसांची आणि गाड्यांची अशी कांहीं गर्दी झाली होती, कीं ज्यूलियस सीझरच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानें, थोडे अपवाद सोडून, दिवसां बहुतेक वेळ गाड्यांना शहराच्या रस्त्यांवर बंदी केली. गाडी रात्रीं चालावी, माणूस दिवसां चालावा, अशी ती वांटणी होती. सारांश, गाडी आणि पाऊल यांचें भांडण फार जुनें आहे, आणि त्याचा निवाडा करण्याची जबाबदारी राज्यानें आपली मानलेली आहे.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. जालना जिल्ह्यांतील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचीं नांवें कोरलेलीं आढळतात. पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचें तेर, असल्याचें लिहिलें आहे. आणि या दोन्ही पेठांचा माल बिकट वाटांनीं गाड्यांतून बंदरास येई, अशी नोंद त्यांत आहे. येथें अंतर कोसांनीं सांगितलेलें नसून दिवसांनीं सांगितलेलें आहे. चालणाऱ्याचें पाऊल आणि बैलाचें पाऊल हेंच त्या काळीं देशाचें माप होतें.

गांवांतील अंतराचें मापहि तेंच होतें. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी तेराव्या शतकांत याच गोदातीरानें पायीं हिंडले. ते जेथें जेथें राहिले त्या स्थानांची नोंद चौदाव्या शतकांत मुनिव्यासांनीं 'स्थानपोथी' या ग्रंथांत करून ठेविली. अमुक देऊळ गांवाच्या कोणत्या दिशेस आहे, त्याचें दार कोणीकडे आहे, त्याच्या शेजारीं काय आहे, असें तें वर्णन आहे. पंथीयांनीं तें श्रद्धेनें लिहिलें. परंतु आज तें वाचतांना मध्ययुगीन मराठी गांव एका चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनीं आपल्यापुढें उभें राहतें. धांवत्या गाडीतून पाहणाऱ्यास असें वर्णन करतां यावयाचें नाहीं. जें पायांखालून जातें तेंच स्मरणांत राहतें.

यापुढील काळांत आपल्याकडे पेठ म्हणून जी संस्था वाढली तिची रचना नीट पाहण्यासारखी आहे. जुन्या दप्तरांत गांवांचे मौजे आणि कसबे असे भेद असतात. ज्या गांवीं बाजारपेठ नाहीं तें मौजे, आणि जेथें ती आहे तो कसबा. नवी पेठ वसवावयाची झाली म्हणजे सरकारांतून कौल मिळे. येऊन राहणाऱ्या उदम्यांना कांहीं वर्षें करांची माफी मिळे. पेठेचा कारभार शेटे आणि महाजन यांच्याकडे असे. दुकान कोणी कोठें मांडावें, वजनें-मापें खरीं आहेत कीं खोटीं, तंटा झाल्यास काय करावें, हें तेच पाहात. पेठ आपोआप माजलेल्या रानासारखी नव्हती. ती वसविलेली आणि राखलेली असे.

त्या पेठेंतील दुकानाची घडण आठवून पाहा. दुकानापुढें ओटा असे. ओट्यावर पुढें आलेल्या पडवीचें छप्पर असे. गिऱ्हाईक ओट्यावर टेकून माल पाही. गिऱ्हाईक नसेल तेव्हां वाटसरू तेथेंच विसावा घेई. घराचा कांहीं भाग रस्त्याला दिलेला आणि रस्त्याचा कांहीं भाग घरानें घेतलेला, असा तो मामला होता. आणि त्यांतून ऊन-पावसांत चालणाऱ्यास आसरा मिळे. थोड्या अंतरावर वडाचा किंवा पिंपळाचा पार, मारुतीचें देऊळ, चावडी. उन्हाळ्यांत कोणा सावकारानें पुण्यासाठीं घातलेली पाणपोई. बसण्याची, पाणी पिण्याची, सावलींत उभें राहण्याची आणि चार शब्द बोलण्याची सोय झाली कीं रस्ता आपोआप गजबजतो.

आणि गाड्या कोठें असत? आठवडे बाजारास येणारा शेतकरी बैलगाडी घेऊनच येई. पण ती गाडी पेठेंत नेत नसत. गांवाच्या वेशीबाहेर, पाण्याच्या जवळपास, मोकळ्या जागेंत गाड्या सोडीत. बैलांना वैरण घालीत. आणि मग माणूस डोक्यावर ओझें घेऊन पेठेंत पायीं शिरे. त्या जागेला गाडीतळ म्हणत. पुण्यास हडपसरला गाडीतळ हें नांव अजून चालतें. तेथें आतां बैलगाडी औषधालाहि सांपडणार नाहीं, पण नांवानें इतिहास राखला आहे. आज मोठमोठे नगररचनाकार जें सांगतात, कीं वाहनांना बाजाराच्या कडेला थांबवा आणि माणसाला आंत चालूं द्या, तें आमच्या आजोबांनीं एका साध्या शब्दांत सांगून ठेविलें होतें.

परंतु, श्रोतेहो, जुन्याचें गुणगान करतांना एक गोष्ट दडवून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. तो रस्ता, तो ओटा, ती पाणपोई सर्वांसाठीं नव्हती. गांवकुसाबाहेर ज्यांना राहावें लागे त्यांना पेठेंत मोकळेपणानें चालतां येत नसे, आणि ओट्याला शिवणें हाहि गुन्हा ठरे. १९२३ सालीं रावबहादूर सी. के. बोले यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा सर्वांना खुल्या कराव्यात असा ठराव मांडला. १९२७ च्या मार्चमध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यापर्यंत सहस्रावधि माणसांसह चालत गेले. तो मोर्चा पाण्यासाठीं होता, तसाच तो सार्वजनिक वाटेवरून ताठ मानेनें चालण्याच्या हक्कासाठींहि होता. पुढें भारताच्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, विहिरी आणि तळीं यांच्या जोडीला 'रस्ते' हा शब्द मुद्दाम घातला गेला. धर्म, जात किंवा लिंग यांवरून कोणालाहि रस्त्याचा वापर नाकारतां येणार नाहीं, असें तें कलम सांगतें. म्हणून जुन्या पेठेची सावली आपल्याला हवी. तिच्यांतील सोंवळें-ओंवळें नको.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं प्लेग आला आणि शहरांच्या रचनेचा विचार नव्यानें सुरू झाला. मुंबईस १८९६ सालीं प्लेगनें कहर केल्यावर दोन वर्षांनीं नगर सुधारणेसाठीं ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढण्याचें काम त्यानें हातीं घेतलें. हवा खेळावी हा हेतु चांगला होता, परंतु ज्यांचीं घरें पडलीं त्यांचा संसारहि उघड्यावर पडला. याच सुमारास एक निराळा प्रयोगहि मुंबईंत झाला. हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नवरोजी रस्त्यावर, प्रत्येक इमारतीनें तळमजल्याला कमानींची ओवरी ठेवावी, असा दंडक १८९६ च्या कायद्यानें घातला. इमारती निरनिराळ्या मालकांच्या, निरनिराळ्या घाटाच्या; पण ओवरी मात्र सलग. पावसाळ्यांत त्या कमानींखालून चालणाऱ्याला अजूनहि त्या कायदेकर्त्यांना दुवा द्यावासा वाटतो.

मराठवाडा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. घनसावंगीचा परिसर तेव्हां औरंगाबाद जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत मोडत असे. त्या राज्याच्या राजधानींतहि असाच विचार चालला होता. १९०८ च्या सप्टेंबरांत मुसी नदीच्या महापुरानें हैदराबाद उध्वस्त केलें. त्यानंतर १९१२ सालीं तेथें नगर सुधारणा मंडळ स्थापन झालें, आणि चारमिनारजवळ पत्थरगट्टीची बाजारपेठ दगडी कमानींच्या ओवऱ्यांसह बांधली गेली. दुकानदारास दुकान आणि चालणाऱ्यास सावली, असा दुहेरी हिशेब त्या बांधणींत आहे. जालन्याच्या किंवा औरंगाबादच्या जुन्या ओट्यांचेंच तें दगडी, राजेशाही रूप म्हणावें.

या काळांतील एका माणसाची गोष्ट मात्र विस्तारानें सांगितली पाहिजे. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडचे विद्वान. १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे अध्यापक होते. त्यापूर्वीं होळकरांच्या इंदूर संस्थानानें त्यांना शहराची योजना करण्यासाठीं बोलाविलें होतें, आणि १९१८ सालीं त्यांचा इंदूरविषयींचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. गेडीस गल्लीबोळांतून पायीं हिंडत, आणि मग बोलत. जुन्या वस्तीतून नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ता कापणें त्यांना मुळींच पसंत नव्हतें. पडकें घर असेल तेवढेंच काढा, तेथें छोटा चौक करा, एक झाड लावा, विहीर दुरुस्त करा, आणि बाकीची वस्ती जशी आहे तशी जगूं द्या, असें त्यांचें सांगणें असे. कुशल शल्यवैद्य जसा रोग्याचें कमींत कमी अंग कापतो, तशी ही पद्धति होती.

इंदुरांत तेव्हां प्लेगची धास्ती होती, आणि हातांत नकाशा घेऊन हिंडणारा हा साहेब पाहून लोक घाबरत. आपलें घर पडणार असें त्यांना वाटे. गेडीसांनीं दिवाळीच्या सुमारास एक मोठी मिरवणूक काढण्याचें ठरविलें. मिरवणूक नेहमींच्या मार्गानें न जातां ज्या आळ्या स्वतः झाडून-सारवून स्वच्छ होतील त्यांतून जाईल, असें त्यांनीं जाहीर केलें. मग काय विचारतां! आळीआळींत चढाओढ लागली. वर्षानुवर्षांचा केर गाड्या भरभरून बाहेर गेला. मिरवणुकींत शहराचे सफाई कामगार शुभ्र कपडे आणि नवीं पागोटीं घालून, माळा घालून सन्मानानें चालले. प्लेगचें सोंग केलें होतें तें शेवटीं जाळण्यांत आलें. त्यांचे चरित्रकार ही हकीकत मोठ्या कौतुकानें सांगतात. रस्ता सुधारावयाचा तर त्यावर राहणाऱ्या माणसांना आधीं त्याचा अभिमान वाटला पाहिजे, हा यांतील धडा आहे, आणि त्याला खर्च फारसा लागत नाहीं.

पुढें मोटारीचें युग आलें. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभींच जालन्यास येऊन पोंचली होती, आणि तेथल्या कापसाच्या आणि धान्याच्या व्यापाराला तिनें बळ दिलें. परंतु रेल्वे आपल्या रुळांवरून जाते. पेठेंत शिरत नाहीं. मोटार शिरते. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, एस. टी. ची पहिली गाडी धांवली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत मराठवाडा मुक्त झाला, आणि पुढील वर्षांत एस. टी. खेड्यापाड्यांपर्यंत गेली. एस. टी. नें ग्रामीण महाराष्ट्रावर जे उपकार केले ते विसरतां येण्यासारखे नाहींत. मुली शाळेला गेल्या, रोगी दवाखान्यांत पोंचले. पण गांवाचें मुख त्यामुळें बदललें. पूर्वीं गांव वेशीकडे तोंड करून बसलें होतें. तें आतां स्टँडकडे आणि डांबरी सडकेकडे वळलें. दुकानें पेठेंतून उठून सडकेच्या दुतर्फा आलीं. सडक बांधली होती गांवोगांव जोडण्यासाठीं, आणि तिच्यावरच बाजार भरूं लागला. धांवणाऱ्यासाठीं केलेल्या वाटेवर थांबणारे आले. गोंधळाचें मूळ येथें आहे.

१ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निराळा झाला. पुढें घनसावंगी तालुक्याचें ठिकाण झाली. आज तेथें नगरपंचायत आहे. तालुका झाला म्हणजे तहसील येते, बँका येतात, शाळा-महाविद्यालयें वाढतात. आणि ज्याला ज्याला कागद, औषध, बी-बियाणें किंवा कापड हवें तो त्या एका रस्त्यावर येतो. त्याच काळांत दुचाकी घरोघर आली. गांवाचा व्याप वाढला, गाड्या वाढल्या, आणि गाडीतळ मात्र कोठेंच केला गेला नाहीं.

याचें मोल आपण काय देतों तेंहि सांगतों. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. दर पांच मृतांत जवळजवळ एक. तीं कोणाला धडकलीं नव्हतीं. तीं चालत होतीं, एवढाच त्यांचा दोष. या आंकड्यांत म्हातारे आहेत, शाळेचीं मुलें आहेत, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन निघालेल्या बायका आहेत.

मग उपाय कोणते झाले? पहिला उपाय झाला तो चालणाऱ्यालाच वर उचलण्याचा. मुंबईंत २००८ सालीं वांद्र्यास आकाशमार्ग बांधला, आणि मग तसे अनेक झाले. खालचा रस्ता वाहनांना सोडून माणसानें जिने चढावे, हा न्याय अनेकांना रुचला नाहीं. दुसरा विचार याच्या उलट होता. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानें रस्त्याचा विचार वाहनांऐवजीं माणसांच्या दृष्टीनें करावा असें सांगितलें. पुणें महानगरपालिकेनें २०१६ सालीं पादचाऱ्यांसाठीं निराळें धोरण मंजूर केलें. आणि ११ डिसेंबर २०२१ रोजीं जुन्या पेठा छेदून जाणारा लक्ष्मी रस्ता कांहीं अंतरापर्यंत एक दिवस वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा केला. ज्या रस्त्यावर गणपतीच्या मिरवणुकीखेरीज कोणी मोकळेपणानें मध्यभागीं चालत नसे, तेथें त्या दिवशीं मुलें खेळलीं आणि वृद्ध माणसें बाकांवर बसलीं. पुढेंहि दर वर्षीं तो दिवस पाळण्याचा प्रघात पडला आहे. २०२० सालीं केंद्र सरकारनें लोकांसाठीं रस्ते या नांवाची जी स्पर्धा शहरांपुढें ठेविली, तींत त्या वेळच्या औरंगाबादनेंहि, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरानेंहि, भाग घेतला होता.

येथें दुकानदार बंधूंची शंका मला ऐकूं येते. गाडी दुकानापुढें थांबली नाहीं तर गिऱ्हाईक येणार कोठून? हीच शंका डेन्मार्कच्या राजधानींत, कोपनहेगनला, १९६२ सालीं निघाली होती. तेथील स्ट्रॉयेट नांवाचा सुमारें एक किलोमीटरचा बाजाररस्ता त्या वर्षीं नोव्हेंबरांत वाहनांना बंद केला, तेव्हां व्यापाऱ्यांनीं आकांत मांडला. आमच्या थंड देशांत कोण पायीं हिंडणार, असेंहि बोललें गेलें. गिऱ्हाईक कमी झालें नाहीं. तें वाढलें, आणि आज साठांहून अधिक वर्षांनंतरहि तो रस्ता पायीं चालणाऱ्यांचाच आहे. याचें कारण साधें आहे. गाडीवर बसलेला माणूस एकाच दुकानापुढें थांबतो. चालणारा दहा दुकानें पाहात जातो. मात्र नियम केला कीं काम झालें असें नाहीं. दिल्लीचा चांदणी चौक २०२१ सालीं दिवसां मोटारींना बंद झाला. परंतु दुचाक्या आंत शिरतात अशी तक्रार तेथें वारंवार होते. राखण नसेल तर शेतहि टिकत नाहीं.

आणि दूर कशाला जावें? आपल्याच रायगड जिल्ह्यांतलें माथेरान पाहावें. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं १८५० सालीं या ठिकाणाकडे लक्ष वेधलें. तेथें मोटारीला बंदी आहे. सर्व गाड्या दस्तुरी नाक्यावर ठेवाव्या लागतात. तो दस्तुरी नाका म्हणजे आमचा जुना गाडीतळच होय! मात्र ज्यांना चालवत नाहीं त्यांचें काय, हा प्रश्न तेथेंहि पडला. माणसानें माणसाला ओढण्याच्या रिक्षा तेथें दीर्घकाळ चालल्या. २०२२ सालीं विजेवरच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. चालण्याचा रस्ता करावयाचा, तर अपंगाची, गर्भिणीची आणि वृद्धाची सोय आधीं पाहिली पाहिजे, हें माथेराननें शिकविलें.

आतां घनसावंगीसारख्या गांवानें काय करावें? मोठ्या शहरांचें अनुकरण नको. आपल्याच जुन्या पेठेनें दाखविलेल्या चार गोष्टी पुरेत.

पहिली गोष्ट गाडीतळ. बाजाराच्या दोन्ही टोंकांना नगरपंचायतीनें मोकळी जागा नेमावी, आणि निदान बाजाराच्या दिवशीं, नेमलेल्या वेळांत, गाड्या तेथेंच थांबवाव्या. रुग्णांच्या आणि अपंगांच्या वाहनांना वाट ठेवावी. दुसरी गोष्ट पायवाट. कौटिल्यानें तीन फूट सांगितले. आज देशाचें प्रमाण निदान १.८ मीटर, म्हणजे सुमारें सहा फूट, मोकळ्या पदपथाचें आहे, आणि त्याची पायरी १५० मिलीमीटरहून उंच असूं नये. २०२५ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें पदपथाचा वापर हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचें सांगितलें आहे. तेव्हां ही मागणी भिक्षेची राहिली नाहीं.

तिसरी गोष्ट सावली आणि बसण्याची जागा. वड-पिंपळ होण्यास काळ लागतो. कडुनिंब लौकर वाढतो. मराठवाड्याच्या उन्हांत झाडाखेरीज बाकीचें सर्व व्यर्थ आहे. एक पार, एक पाणपोई आणि बायकांसाठीं एक स्वच्छ प्रसाधनगृह, एवढें झालें तरी खेड्यावरून आलेली बाई बाजारांत निवांत वावरूं शकेल. तें नसलें म्हणजे ती दिवसभर पाणी न पितां घरीं परतते, हें पुरुषांच्या सभांत कोणी बोलत नाहीं.

चौथी गोष्ट भाजीवाले आणि फेरीवाले यांची. रस्ता मोकळा करणें म्हणजे यांना हुसकून लावणें, असा अर्थ पुष्कळ ठिकाणीं केला जातो. तो अन्यायाचा आहे आणि मूर्खपणाचाहि आहे. कारण रस्त्याला जिवंतपणा येतो तो यांच्यामुळेंच. पदपथावर व्यापार करणें हा, वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून, नागरिकाचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालींच दिला. आणि २०१४ च्या कायद्यानें त्यांच्यासाठीं विक्री समिति नेमून तींत निदान चाळीस टक्के सभासद स्वतः विक्रेत्यांचे असावेत असें ठरविलें. जुन्या पेठेंतील शेटे-महाजनांच्या जागीं ही नवी पंचायत आली आहे. तिला खरोखर बसूं द्यावें. जो तहबाजारी देतो त्याला बसण्याची जागा मिळालीच पाहिजे.

मोठ्या शहरांना हें काम कठीण जातें, कारण तेथें सर्व कांहीं बांधून झालेलें आहे. लहान गांवाला अजून अवकाश आहे. आज दहा झाडें लावणें आणि एक मैदान राखून ठेवणें सोपें आहे. तें मैदान एकदां इमारतींखालीं गेलें, म्हणजे पुढें कोणताहि गेडीस आला तरी त्याचें कांहीं चालणार नाहीं.

श्रोतेहो, चारशें वर्षांपूर्वीं जांबेचा एक बारा वर्षांचा मुलगा एकटा नाशिकपर्यंत चालत गेला, असें आपण अभिमानानें सांगतों. त्याच तालुक्यांतील बारा वर्षांच्या मुलीला आज स्टँडपासून शाळेपर्यंत एकटीनें, निर्भयपणें चालत जातां यावें, एवढीच या भाषणामागची इच्छा आहे. ती पुरी करणें कोणा दूरच्या सरकारच्या हातीं नाहीं. तें बाजाराच्या दिवशीं आपली गाडी वेशीबाहेर सोडणाऱ्या प्रत्येकाच्या हातीं आहे.